दिवस बुडाल्याची वर्दी

“पुंजाराम, वर जाऊन बघ जल्दी. दिवस हाय का गेला?”

रतनलालशेठ गल्ल्यावरून म्हणाले आणि मी जिना धरला. खाली पाटावर सुगनबाई बसल्या होत्या, सत्तरीच्या. परतूरहून येणारी गाडी अडीच तास रखडली, तिच्यातून आत्ताच उतरल्या होत्या, रात्रीचा मुक्काम आमच्याकडेच. त्यांचं एकासणं चालू होतं. दिवसातून एकदाच जेवण, पाणीही त्याच वेळी. म्हणजे काल दुपारपासून पोटात थेंब नव्हता. ओठ पार सुकले होते.

जालन्याच्या स्टेशन रस्त्यावर आमचा बासा, म्हणजे मारवाडी खाणावळ. दिवस बुडाला की जैन माणसं पाणीसुद्धा तोंडाला लावत नाहीत. घड्याळ आमचं आपल्या मर्जीचं, म्हणून ती वर्दी अकरा वर्षं मीच देत आलो. माझा हिशेब सोपा होता. शंका आली की बुडाला म्हणायचं. दोन मिनिटं आधी सांगून कुणाचं काय बिघडतं? उशिरा सांगितलं तर त्यांचा नेम मोडतो, आणि ते पाप माझ्या माथी.

गच्चीवर आलो तर भाद्रपदातलं आभाळ गच्च भरलेलं. कापसाच्या जिनिंग कारखान्याची चिमणीसुद्धा दिसेना, मग सूर्य कुठला. खाली फुलका वाढला जात होता. समोरच्या हॉटेलात ख्वाजामियाँनी गॅसबत्ती पेटवली. आमची चूल विझली की त्यांचा रस्ता जागा व्हायचा. रेडिओ, कबाब, सिनेमाला निघालेली माणसं. रोज दिवस बुडाल्यावर पेटणारी ती बत्ती पाहिली आणि मी घाबरलो. बाईंचा घास तोंडात जायच्या आत सांगायला हवं, एवढंच सुचलं.

“बुडाला,” मी वरूनच सांगितलं.

खाली आलो तोवर सुगनबाईंनी ताट सरकवलं होतं. हात जोडून, डोळे मिटून त्या रात्रीचं पचखाण, म्हणजे अन्नपाणी सोडल्याचा नेम, घेत होत्या. ते एकदा घेतलं की घेतलं, मागं फिरता येत नाही.

त्यांनी डोळे उघडले आणि दारातून ऊन आत आलं. पार ताटातल्या फुलक्यावर. ढग फाटले होते आणि सूर्य चांगला हातभर वर होता.

“मांजी, दिवस हाय अजून. जेवून घ्या,” शेठ म्हणाले.

“पचखाण झालं शेठ.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मांजी, चुकी झाली माझी.”

“तुझी काय चुकी बाबा? तू डोळ्यानं बघितलं, तेच सांगितलं.”

हे मला सोसेना. “बघितलं न्हाई मांजी. समोरची बत्ती बघून सांगितलं.”

शेठनी मान खाली घातली. सुगनबाईंनी ताटातल्या उन्हाकडे पाहिलं.

“मंग उद्या दिवस कासराभर वर आला, पचखाण सुटायची येळ झाली, की तूच सांग,” त्या म्हणाल्या. “पण बघून सांग.”

दिवस बुडाला की ख्वाजामियाँ माझ्यासाठी रोज चहा पाठवायचे. त्या संध्याकाळी मी तो परत पाठवला. पाणीही घेतलं नाही. सुगनबाईंच्या उपासाला माझ्या उपासाचा काय उपयोग, हे मलाही कळत होतं.

तांबडं फुटायच्या आधीच गच्चीवर जाऊन बसलो. आभाळ मोकळं होतं. सूर्य वर आला, घशाला कोरड पडली, तरी मी गप्प. पुरता कासराभर होऊ दिला. आणखी जरा थांबलो.

“आला मांजी,” मी म्हणालो. “बघितला.”

खाली पाटाजवळ तांब्या वाजला.