चार ठिकाणचा बोलका

कोड ठेवायची साइट बंद होणार असल्याची मेल आली तेव्हा ताई ऑफिसात डबा उघडून बसली होती. मेल मोठ्या गोड भाषेत लिहिली होती. इतकी वर्षं तुम्ही आमच्यावर विश्वास टाकलात, आता निरोप घेतो, तेवढा तुमचा कोड मुदतीच्या आत हलवून घ्या. ताईने मेल वाचली, डब्याला झाकण लावलं आणि नुसतीच बसून राहिली. म्हणजे पुन्हा बिऱ्हाड हलवायचं.

यापूर्वीही तिने बिऱ्हाड हलवलं होतं. पहिली साइट एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि वर्षभरात तिचं होत्याचं नव्हतं करून टाकलं. दुसरीने फुकटातल्या लोकांना इतकं आवळत आणलं की भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची पाळी आली. ही त्यामानाने बरी होती. लहान होती, शांत होती, आणि लहान-शांत गोष्टींचं जे होतं तेच तिचंही झालं.

हलवायचा होता तो एकच प्रोग्राम. त्याचं नाव बोलका. ताईचे वडील जन्मभर बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीवर बसले. कुठली गाडी कुठे लागते, कधी सुटते, चुकली तर पुढे काय, हे सांगता सांगता त्यांचं आयुष्य गेलं. घरी आले तरी तोंडाचा पट्टा चालूच. असल्या माणसाचा घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला. तेव्हा ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून त्यांच्यासाठी टॅब्लेटवर हा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर मोठाली बटणं, बटणावर वाक्य. बटण दाबलं की टॅब्लेट ते वाक्य मोठ्याने म्हणणार. वाक्यं वडिलांनी स्वतः टाइप करून दिली होती. ‘आधी नीट ऐकून घ्या.’ ‘पंखा एकवर करा.’ ‘मला काय विचारता, हिला विचारा.’

भाऊ लिफ्टच्या कंपनीत प्रोग्रामर. आता चांगला आडदांड झालेला, दारातून आत येताना मान वाकवावी लागते. पण घरात त्याला अजून टिल्लूच म्हणतात. बोलका सगळ्यांसाठी खुला ठेवायची कल्पना त्याचीच. आवाज गेलेली माणसं काही कमी नाहीत, म्हणाला. आणि खरंच, कुठून कुठून लोक बोलका उतरवून घेऊ लागले. कुणी चुका कळवल्या, कुणी आपल्या भाषेतली वाक्यं करून पाठवली.

मग वडील गेले. पुढे काही महिन्यांनी एका बाईंची तक्रार आली की त्यांच्या सासऱ्यांनी डॉक्टरांसमोर भलतंच बटण दाबलं आणि टॅब्लेट डॉक्टरांना म्हणाला, मला काय विचारता, हिला विचारा. ताईला त्यांचं म्हणणं पटलं. तिने वडिलांची वाक्यं काढली, ‘पाणी हवं’, ‘दुखतंय’, ‘डॉक्टरांना बोलवा’ अशी कामाची वाक्यं घातली, आणि बदलाखाली टीप लिहिली: जुनी वाक्यं काढली.

टिल्लूने ती टीप वाचली आणि फोन केला.

“जुनी?” तो म्हणाला. “ताई, ती बाबांची होती.”

ताईने समजावून पाहिलं, पण त्याने ऐकून घेतलं नाही. त्याने बोलक्याची आपली वेगळी प्रत काढली, दुसऱ्याच कुठल्या साइटवर नेली आणि ताईच्या बोलक्याला पुन्हा हात लावला नाही. भांडण असं झालंच नाही. आई टिल्लूकडे राहायची, त्यामुळे तिच्या गोळ्या, तिचा चष्मा, तिचा गुडघा एवढ्यापुरतं दोघं बोलत आणि फोन ठेवत. त्यातच वर्षं गेली.

एकटी पडल्यावर ताईने बोलक्याला फार जपलं. दुधाने तोंड पोळलेलं होतं, आता ताक फुंकून प्यायची वेळ. एक मुख्य जागा या लहान साइटवर, तिचे मिरर म्हणजे हुबेहूब नकला आणखी दोन साइटवर, आणि चौथी जागा घरात, चपलांच्या कपाटामागे ठेवलेल्या एका डबीएवढ्या मशीनवर. मुख्य जागी जे बदलेल ते बाकीच्या तिन्ही ठिकाणी आपोआप उतरायचं. नवरा म्हणायचा, बोलक्याची चार घरं आणि आपलं एक, तेही भाड्याचं. ताई हसायची. निदान एक तरी गोष्ट जगात पक्की आहे, असं तिला वाटायचं.

रविवारी दुपारी ती कामाला बसली. आदल्या आठवड्यात ऑफिसात विम्याच्या हप्त्यांची नवी प्रणाली चालू झाली होती आणि तिच्या डोळ्यांची आग होत होती. स्वतःचा लॅपटॉप तिने सगळं पुसून मुलीला दिला होता, ऑफिसच्या मशीनवर खासगी काम चालत नसे, म्हणून ती मुलीचा लॅपटॉप मागून घेऊन सगळं ब्राउझरमधूनच करत होती. नव्या साइटवर तिने खातं काढलं, बोलक्याच्या नावाने जागा केली. आता आधी त्या जागेत कोड आणायचा आणि मग तिला मुख्य ठरवायचं, असा क्रम होता. ताईने आधी तिला मुख्य ठरवलं. बाकीच्या चारही ठिकाणांना, अगदी बंद होणाऱ्या साइटलासुद्धा, सांगून टाकलं की इथून पुढे या नव्या जागेकडे बघून चाला. आणि चहा टाकायला उठली.

नवी जागा रिकामी होती. चारही ठिकाणांनी तिच्याकडे पाहिलं आणि इमानेइतबारे तीही रिकामी झाली.

चहाचा कप घेऊन ती परत आली तेव्हा पडद्यावर हिरव्या खुणा होत्या. सगळं यशस्वी. तिने एक ठिकाण उघडलं, मग दुसरं. मग कपाटामागचं मशीन. नवऱ्याला नंतर तिने सांगितलं की त्या क्षणी तिला काहीच वाटलं नाही. ती फक्त खुर्चीवर मागे टेकली आणि चहा पिऊन टाकला, कारण तो निवत होता.

सोमवारपासून तिने साइटवाल्यांना लिहायला सुरुवात केली. बंद होणाऱ्या साइटवर उत्तर द्यायला माणूसच उरलं नव्हतं. दुसरीकडून कळलं की फुकटच्या खात्यांसाठी आम्ही पुसलेलं परत काढून देत नाही. तिसरीकडून आपल्या तक्रारीचा क्रमांक अमुक, आम्ही बघतो, असं आपोआप निघालेलं उत्तर आलं, आणि बघितलं मात्र कुणीच नाही. मुलीचा लॅपटॉप, जुनी पेनड्राइव्ह, माळ्यावरची हार्ड डिस्क, सगळं धुंडाळून झालं. हार्ड डिस्क खरखरली आणि थांबली.

लोकांच्या टॅब्लेटवर बसवलेला बोलका चालू होता, पण आता त्यात काही मोडलं तर दुरुस्त करायला मूळ कोडच कुठे नव्हता. आणि मोडायला मुहूर्त लागत नाही. त्याच आठवड्यात एका मास्तरीणबाईंची मेल आली. त्या बाई निवृत्त शिक्षिका. नवऱ्याचा आवाज गेलेला, हात थरथरणारे. त्यांच्यासारख्यांसाठी ताईने मुद्दाम एक सोय केली होती: बोट बटणावर टेकून थोडं थांबलं तरच ते दाबलं गेलं असं धरायचं, थरथर मोजायची नाही. बाईंनी लिहिलं होतं की टॅब्लेटने रात्रीतून स्वतःला अपडेट केलं आणि बोलका उघडेनासा झाला. ‘हे आता वहीवर लिहून दाखवतात. हात हलतो म्हणून मला अक्षर लागत नाही. मग हे रागावतात आणि लिहिणंच सोडून देतात. तुमच्या सवडीने बघाल का?’

सवडीने हा शब्द वाचून ताईला ब्रह्मांड आठवलं. कोड हातात असता तर तासाभराचं काम होतं.

टिल्लूकडे प्रत असणार हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने आईला फोन केला आणि आडून आडून विचारलं की टिल्लूला जरा सांगशील का. आई सरळ म्हणाली, “त्याचा फोन चालू आहे, त्याला कर. मी काय पोस्ट ऑफिस आहे?”

फोन न करता ताई शनिवारी ऑफिसातून परस्पर त्याच्या घरी गेली. दार त्यानेच उघडलं. आई झोपली आहे का, असं तिने विचारलं. जागी आहे, असं तो म्हणाला. आणि दोघंही तिथेच उभी राहिली.

“गेलं रे सगळं,” ताई म्हणाली. “माझ्याच हातून.”

त्याने तिला आत बसवलं आणि एकेक प्रश्न विचारत गेला. कुठून कुठे मिरर होते, कुणाला मुख्य केलं, किती वेळाने पाहिलं. तो हसला नाही, मी सांगितलं होतं म्हणाला नाही. त्याने सांगितलंही नव्हतं. लिफ्ट अडकली की आत कोण आहे हे आधी विचारायचं, चूक कुणाची ते नंतर, अशी त्याला कामाची सवय होती.

“चार ठिकाणी ठेवलं म्हणजे सांभाळलं असं नाही ना, ताई,” शेवटी तो म्हणाला. “ती नक्कल करणारी मंडळी. तू पुसलंस, त्यांनीही पुसलं.”

पुसलंस हा शब्द निघून गेल्यावर दोघांनाही बाबांची वाक्यं आठवली. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक सपाट, यंत्राचा आवाज आला: मला काय विचारता, हिला विचारा. मागोमाग टिल्लूची बायको हसत बाहेर आली. ताईला पाहून तिने लगबगीने पाणी आणलं आणि खुलासा केला. आईंना भाजी कोणती करू विचारलं की हल्ली त्या हेच बटण दाबतात. गोळ्या घ्यायला सांगितलं की ‘आधी नीट ऐकून घ्या’. बोलायचे कष्ट वाचतात म्हणे.

ताईने भावाकडे पाहिलं. “म्हणजे तुझा चालतो? नव्या अपडेटवर?”

चालत होता. टॅब्लेट बंद पडला की आई घर डोक्यावर घेई, म्हणून टिल्लू दर अपडेटनंतर आपली प्रत दुरुस्त करत आला होता. मास्तरीणबाईंना हवी होती ती दुरुस्ती त्याने आधीच केलेली होती. पण थरथरत्या हातांची सोय त्याच्या प्रतीत नव्हती. ती दोन्ही प्रती वेगळ्या झाल्यानंतरची. ताईने एकटीने केलेलं पुढचं कुठलंच काम त्यात नव्हतं.

पुढचे कितीतरी शनिवार-रविवार ताई टिल्लूकडे जात राहिली. थरथरीची सोय तिने आठवून लिहिली. आधी लिहिली तेव्हा ती कित्येक म्हाताऱ्यांच्या बोटांवर घासून-पुसून नीट झाली होती; आता पुन्हा पहिल्यापासून. स्वतःच्याच जुन्या चुका नव्याने करायच्या, हे तिला सर्वांत जड गेलं. बसमध्ये ती डोळे मिटून बसायची आणि तिचा थांबा निघून जायचा. ज्यांनी कधी काळी मदत केली होती त्या सगळ्यांना तिने माफी मागणाऱ्या मेल लिहिल्या. पुष्कळांनी उत्तर दिलं नाही. एकाने उपदेश केला. एकाने आपल्याकडची जुनी प्रत पाठवली, त्यात तिचं निम्मं काम सापडलं. उरलेलं निम्मं सापडलं नाही, आणि लोकांनी करून पाठवलेल्या भाषांपैकी दोन तर कायमच्याच गेल्या.

वाक्यांचा विषय एकदाच निघाला. कामाची वाक्यं पहिल्या पानावर ठेवू, बाबांची पार शेवटच्या पानावर, टिल्लू म्हणाला; ज्याला शोधायची त्याला सापडतील. ताईने मान हलवली. एवढंच करायचं होतं तर इतकी वर्षं का घालवली, असं कुणीच कुणाला विचारलं नाही. विचारायला अंगात त्राण हवं.

नवा बोलका मास्तरीणबाईंना पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चालतोय. पण पहिल्यासारखा नाही, बोट फार वेळ धरावं लागतं, असं हे म्हणतात. म्हणजे बटण दाबून म्हणाले. ताईने ते वाचून दाखवलं. टिल्लूने बोट धरायच्या वेळेचा आकडा कमी केला, पुन्हा पाठवला, आणि मग विचारलं की आता मुख्य जागा कुठे ठेवायची, मिरर कुठे, आणि ज्याला कुणीच आपोआप हात लावणार नाही अशी एक प्रत कुठे.

“तू ठेव,” ताई म्हणाली. “किल्ल्या तुझ्याकडेच राहू देत. मी थकले रे.”

“मग आधी सांगायचंस की.”

“कुणाला?”

त्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला आणि तिचा पासवर्ड विचारला. तिने तो कागदावर लिहून दिला. लिहिताना तिला वाटलं होतं की बरं वाटेल, आणि वाटलंही. पण एखाद्याचं लहान मूल बराच वेळ कडेवर घेऊन परत दिल्यावर हात जसे रिकामे आणि दुखरे राहतात, तसंही वाटलं. टिल्लूच्या बायकोने जेवूनच जा म्हटलं. ताई होय म्हणाली आणि ताटं घेईपर्यंत तिथेच, सोफ्याच्या हाताला डोकं टेकून झोपी गेली. आईने आत जाऊन पांघरूण आणलं. टिल्लूने लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि काम पुढे चालू ठेवलं.