कोयनेची नीलिमा बाद कशी झाली

मलकापुरातल्या त्या कॉलेजच्या हॉलमध्ये सकाळी दहापासून बत्तीस जण 'हातघाई' नावाच्या व्हिडिओ गेममध्ये एकमेकांना बटणं दाबून बडवत होते. चार वाजेपर्यंत त्यातले दोनच उरले. एक सांगलीचा शौनक आणि दुसरी कोयनानगरची नीलिमा. जिंकेल तो पुण्याला राज्याच्या संघाच्या निवडीसाठी जाणार होता आणि जागा एकच होती. ह्या एका जागेपायी नीलिमाने तीन वर्षं अंगठे झिजवले होते. दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरायचे आणि घरी आल्यावर भावाने सुट्टीवर येताना आणलेल्या जुन्या मशीनवर सराव करायचा, एवढंच तिने केलं होतं. तो भाऊ राजरत्न फौजेत होता. आज तो मुद्दाम तिच्यासोबत आला होता आणि मागच्या बाकावर बसून तिच्यापेक्षा जास्त घामाघूम झाला होता.

फायनलआधी चहा आला. शौनकला चहापेक्षा स्वतःची मतं जास्त आवडायची. त्याचा एक चॅनल होता आणि त्यावर तो दर रविवारी एखाद्या गेमची हजेरी घ्यायचा. त्याचं ऐकणारे बरेच होते, त्यामुळे समोरचाही ऐकतोच आहे असं तो धरून चालायचा.

"गेम म्हणजे अख्खं जग पाहिजे," तो म्हणाला. "डोंगर, नद्या, गावं, माणसं. चाळीस तास फिरावं आणि तरी संपू नये. ह्या 'हातघाई'त आहे काय? दोन माणसं आणि एक चौक. मी ह्यात उतरलो ते केवळ हात साफ करायला."

"डोंगर आन् नदी मला घरीच हाय," नीलिमा म्हणाली. "खिडकी उघडली की झालं. आन् चाळीस तास घोड्यावर हिंडून शेवटी कुनी हरतच न्हाई, त्याला खेळ कशापायी म्हनायचं?"

"मग बंदुकांचे गेम खेळ. तिथे शंभरातले नव्व्याण्णव हरतात."

"ती सोडत हाय. चांगल्या घरात शिरला, चांगली बंदूक गावली, तर जिंकला. हरला तर म्हनायचं नेट गेलं. हातघाईत हरलेल्याला सांगायला कारनच न्हाई उरत. म्हनून मला ती लय आवडती."

शौनक हसला. खेड्यातल्या मुलीला मत असतं ह्याचं कौतुक वाटल्यासारखं ते हसू होतं आणि नीलिमाला ते अजिबात आवडलं नाही.

चारुशीला मॅडमना मात्र रंगत आली. मॅडम त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. ही स्पर्धा त्यांनीच भरवली होती आणि पंचही त्याच होत्या. कुठल्याही बोलण्यात विज्ञान घुसवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. "मला तुमच्या सगळ्याच गेमबद्दल एक तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "हवेत उडी मारलेला माणूस मध्येच मागे वळतो. कशाला टेकून वळतो तो? आणि दुसरं सांगते. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठदा बदलतं. डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत त्यातली बारा चित्रं निघून जातात. चपळ ठोसा त्याच्या आधीच बसलेला असतो."

"मी पाहूनच अडवतो," शौनक म्हणाला.

"बघून न्हाई अडवता येत," नीलिमा म्हणाली. "समोरच्याची खोड वळखून अडवता येतं."

मॅडमनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि कप खाली ठेवून दोघांना बसायला सांगितलं.

पाच डावांचा सामना. शौनक काही नुसताच तोंडाळ नव्हता, त्याला खेळता येत होतं. पहिला डाव त्याने घेतला, दुसरा आणि तिसरा नीलिमाने. चौथ्यात त्याने तिला कोपऱ्यात गाठून असं चेचलं की राजरत्नने डोळे मिटून घेतले. दोन दोन. पाचव्या डावात सतरा सेकंद उरली होती आणि शौनकच्या पैलवानात नीलिमाच्या पैलवानापेक्षा थोडा जास्त जीव होता. वेळ संपली असती तर तोच जिंकला असता.

तेव्हा टेबलावर टेकलेल्या तिच्या कोपरांना एक बारीक थाप लागली. कानाला हेडफोन होते, ऐकू काहीच आलं नाही. पण कोयनेच्या पोरीला ती थाप कानाने कळावी लागत नाही. तिचे वडील धोंडिराम भूकंप मोजायच्या केंद्रात शिपाई होते. यंत्रं पुसता पुसता साहेबांकडून ऐकलेलं सगळं त्यांनी घरी आणलं होतं. भूकंपाच्या दोन लहरी निघतात, पहिली पळते भरभर पण तिच्यात फारसा जोर नसतो, दुसरी मागून येते आणि हलवते तीच. दोन्हींच्या मधली सेकंदं मोजायची आणि आठाने गुणायची, तेवढे किलोमीटर लांब. घरी मोजायला सवडच मिळत नाही, थाप आणि हादरा पाठोपाठ येतात. बाहेरगावी मात्र मोजता येतं.

नीलिमाने मोजलं. अंगठे चालूच होते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाव्याला हॉल हलला. वरचे पंखे डुलले, बाकं करकरली आणि पन्नास माणसं एकदम दाराकडे धावली. सहा आठे अठ्ठेचाळीस. कोयना तेवढीच लांब, म्हणजे घरचाच होता, आणि पहिली थाप एवढी बारीक म्हणजे मोठाही नव्हता.

शेजारची खुर्ची उलटली होती. शौनकचा कंट्रोलर वायरीला लोंबत होता आणि पडद्यावर त्याचा पैलवान हात खाली सोडून उभा होता. अकरा सेकंद उरली होती. त्यातलं एक सेकंद नीलिमा थांबली. मारावं की नाही हा विचार तिला शिवलाच नाही असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. तिला तो उभा पैलवान पाहून कसंतरी झालं. मग तिला वाटलं, मी बसलेय, तो उठला, ह्यात माझं काय चुकलं? तिने चार ठोसे लगावले, पैलवान आडवा झाला. मग तिने हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले, चपला घातल्या आणि बाहेर आली.

शहाण्या माणसाने भूकंपात बाहेरच पळावं, ह्यात वाद नाही. पळाले त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. मैदानात सगळे घोळक्याने उभे होते, कुणी घरी फोन लावत होतं, कुणी रडत होतं. लोंढ्याबरोबर बाहेर ढकलला गेलेला राजरत्न उलट्या दिशेने दारात घुसायला बघत होता. तिला पाहिल्यावर त्याने आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला जवळ ओढलं.

"चार पॉइंट एक असंल," नीलिमा त्याला म्हणाली. कोयनेत हादरा बसला की कुशल विचारायच्या आधी आकडा सांगतात, तशी सवयच असते. अर्ध्या तासाने मोबाईलवर बातमी आली, चार पॉइंट शून्य. "थोडक्यात हुकलं," ती म्हणाली.

हे शौनकने ऐकलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

"म्हणजे तुला कळलं होतं," तो म्हणाला. "भूकंप आहे हे कळलं, मी जीव घेऊन पळालो हे दिसलं, आणि तरी तू मारत राहिलीस? ह्याला खेळ म्हणतात?"

"तू उठलास. उठला तो हरला, असं नियमात लिवलंय."

"नियमात अखिलाडूपणाही लिहिलाय."

तेही खरं होतं. सातवा नियम म्हणत होता, डाव चालू असताना जागा सोडणारा हरला. नववा म्हणत होता, अखिलाडूपणे वागणारा बाद. शौनकने लेखी तक्रार दिली आणि मॅडमनी नीलिमाला प्रयोगशाळेत बोलावलं. राजरत्न दाराशी उभा राहिला.

मॅडम मनाने वाईट नव्हत्या, उलट पोरीचा खेळ त्यांना आवडला होता. त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "हे बघ, तुझ्या कानाला हेडफोन होते. नजर पडद्यावर होती. तुला काही कळलं नाही, ऐकू आलं नाही, तो उठलेला दिसला नाही. एवढं एका ओळीत लिही आणि सही कर. मग अखिलाडूपणाचा प्रश्नच येत नाही. सातव्या नियमाने तू जिंकलीस आणि पुण्याला तू जातेस."

"आन् तो आकडा सांगितला त्याचं काय?"

"लागला अंदाज. त्याचं मी बघते."

नीलिमा कागदाकडे पाहत राहिली. पुणं एका ओळीवर आलं होतं. राजरत्न दारातून हळूच म्हणाला, "लिव की, नीले. काय जातंय?"

"मला कळलं हुतं, मॅडम," नीलिमा म्हणाली. "सगळ्यांच्या आधी सहा सेकंद. मी मोजत हुते."

"ते मला कळतंय गं. पण भूकंप चालू असताना गेम खेळत बसायचं? भूकंप म्हणजे तुला गंमत वाटते का?"

नीलिमाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं होतं. "सदुसष्टच्या मोठ्या भूकंपात माझी आत्या गेली. दोन वर्सांची हुती. आज्जीच्या हातनं सुटली आन् भिंत आली. आज्जी बायडाबाई मरस्तवर त्येच बोलायची. तवापासनं आमच्यात पोराला मोजायला शिकवत्यात. तुमी फळ्यावर शिकवता त्ये आमाला पाळण्यात शिकवत्यात. आन् तुमी म्हनताय मी लिवू, मला कळलंच न्हाई?"

मॅडमनी तो कागद स्वतःकडे ओढला. "तू तसं लिहिलं नाहीस तर तक्रार खरी ठरते. मग मला तुला बाद करावं लागेल, नीलिमा. माझ्या हातात दुसरं काही नाही."

"करा की. पन कारन लिवा."

मॅडमनी लिहिलं, 'अखिलाडूपणाबद्दल बाद.'

"ह्ये न्हाई," नीलिमा म्हणाली. "ह्ये वाचून लोकांना वाटंल मी कुनाला शिवी दिली, न्हाईतर मशीनमदी काय तरी केलं. मी जे केलं त्ये लिवा."

"काय लिहू मग?"

"भूकंप झालेला ठाऊक असून जागेवरनं उठली न्हाई."

मॅडमचं पेन थांबलं. असला निकाल फलकावर लावायचा म्हणजे काय होईल ते त्यांना दिसत होतं. त्यांनी तिला समजावून पाहिलं, घड्याळ दाखवलं, शेवटची एसटी निघून जाईल असंही सांगितलं. नीलिमा स्टुलावर बसून राहिली. तिला उठवणं भूकंपालाही जमलं नव्हतं, मॅडमना काय जमणार? शेवटी मॅडमनी पहिली ओळ खोडली आणि खाली नीट अक्षरात तिने सांगितलं तसंच लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

कागद फलकावर लागला तेव्हा शौनकने तो सगळ्यांच्या देखत वाचला. पुण्याला तोच जाणार होता. मित्र त्याच्या पाठीवर थाप मारायला आले होते, पण वाचून झाल्यावर त्यांनीही हात आवरते घेतले. शौनकने नीलिमाकडे पाहिलं. काहीतरी मत द्यावं असं त्याच्या चेहऱ्यावर आलं होतं, पण त्याला ते सापडलं नाही. नीलिमाने आपल्या निकालाचा फोटो काढला, नीट आला का ते मोठा करून पाहिलं आणि ती स्टँडकडे निघाली.

कोयनेच्या गाडीत बसल्यावर राजरत्नने मनातलं बोलून टाकलं. "एक ओळ लिवली आस्तीस तर पुन्याला गेली आस्तीस. तीन वर्सं घातलीस गं."

"व्हय, गेली आस्ती," नीलिमा म्हणाली. "पन मग कोयनेला कुठल्या तोंडानं आली आस्ती?"

कंडक्टर आला तेव्हा राजरत्नने दोन तिकिटं मागितली, कोयनानगरची.