दमानंबाईंची चाचणी

पोलीस प्रशिक्षण केंद्रात तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. समोर सगळे तिला ‘मॅडम’ म्हणत आणि पाठ वळली की ‘दमानंबाई’. सरावात कुणी शिकाऊ शिपाई उगाच धावून गेला की ती मागून ओरडायची, “अरे, दमानं! कुठं आग लागलीय?” तिच्या कानावर ते नाव गेलं होतंच. तिला ते आवडायचंसुद्धा, पण तिनं तसं कधी दाखवलं नाही.

तिचा विषय ऐकायला सोपा होता. एखाद्याचं डोकं ठिकाणावर नाही, हातात सुरी आहे किंवा तो गच्चीच्या कठड्यावर उभा आहे, घरचे रडताहेत, आणि पोलीस येऊन पोचलेत. आता पोलिसांनी काय करायचं? जुनी रीत म्हणजे झडप घालायची, आडवा पाडायचा, बेड्या घालायच्या. त्यात कधी त्या माणसाचा जीव जाई, कधी पोलिसाचा. दमानंबाई शिकवायची की लांब थांबा, मध्ये टेबल नाहीतर गाडी असू द्या, एकानंच बोला, आवाज खाली ठेवा आणि वेळ जाऊ द्या. घाबरलेल्या माणसाची भीती ओसरायला वेळ लागतो. तो वेळ मिळवणं हेच पोलिसाचं काम. वर्गात कुणी अशा माणसाला ‘वेडा’ म्हटलं की ती विचारायची, “तुझा भाऊ असता तर काय म्हणाला असतास?”

नवे मोठे साहेब आले तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं.

“तुमचा हा अभ्यासक्रम सगळ्या दलाला द्यायचा विचार आहे,” ते म्हणाले. “उपयोग होतो ना त्याचा?”

“मला वाटतं, होतो.”

“वाटतं?”

इतकी वर्षं ती जीव तोडून शिकवत होती, मुलं परीक्षेत चांगले गुण मिळवत होती, निरोप घेताना पाया पडत होती. पण रस्त्यावर गेल्यावर ती खरंच वेगळी वागतात का, हे तिनं कधी तपासलं नव्हतं. आणखी कुणी तपासलं असेल असंही नाही.

“साहेब,” ती म्हणाली, “आधी चाचणी घेऊ या.”

विद्यापीठातला एक तरुण प्राध्यापक या कामाला आला. बारीक अंगाचा, बोलताना चष्मा सारखा वर ढकलणारा. त्याची पद्धत सरळ होती. चिठ्ठ्या टाकून निम्मी ठाणी निवडायची. त्यांना आता शिकवायचं, उरलेल्यांना वर्षभरानं. मग दोन्हीकडच्या मारामाऱ्या, जखमा, तक्रारी ताडून बघायच्या आणि शिपायांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यांतली चित्रणंही बघायची.

“आणि मधल्या वर्षात उरलेल्यांना काही झालं तर?” तिनं विचारलं.

“शिकवण्याचा उपयोग होतो हे आपल्याला माहीत असतं, तर चाचणीच घेतली नसती,” तो म्हणाला. उत्तर बरोबर होतं, पण तिच्या घशाखाली उतरलं नाही.

चिठ्ठ्या तिच्यासमोरच काढल्या गेल्या. तिच्या थोरल्या भावाचं ठाणं उरलेल्यांत गेलं.

दादा गस्तीवरचा हवालदार. उंचापुरा, बोलायला मिठ्ठास आणि हट्टाला खडक. तो तिच्या विषयाला ‘गोडबोल्यांचा तास’ म्हणायचा. त्या रविवारी ती त्याच्याकडे जेवायला गेली, तेव्हा वहिनीनं विषय काढला.

“सगळ्या जगाला शिकवता तुम्ही वन्सं, आणि घरचा भाऊच तेवढा कोरडा?”

“चिठ्ठीत आलं तसं झालं, वहिनी.”

“चिठ्ठी गेली खड्ड्यात. जेवण झालं की दोन गोष्टी सांगा ना त्यांना इथंच. कोण बघतंय?”

तिच्या मनात तेच होतं. जेवण होईपर्यंत ते शब्द तिच्या जिभेवर घोळत होते. पण दादा काही शिकला की तो ठाण्यातल्या पोरांना सांगणार, ती दुसऱ्यांना सांगणार, आणि चाचणीची माती होणार. तिनं ताटातल्या भातात बोटं फिरवली.

“चिमणे,” दादा हसला, “मी या नोकरीला लागलो तेव्हा तू वेण्या घालून शाळेत जात होतीस. माझी नको काळजी करूस.”

त्यानंतर काही आठवड्यांनी, भर दुपारी, एका घरातून फोन आला. तरुण मुलगा, कित्येक दिवस झोपला नव्हता, स्वयंपाकघरात सुरी घेऊन कोपऱ्यात बसला होता आणि आईला जवळ येऊ देत नव्हता. दादा आणि त्याचा जोडीदार गेले. थोड्याच वेळात दादा आत शिरला आणि मुलाच्या सुरीच्या हातावर त्यानं झडप घातली. मुलानं हिसका दिला. सुरी दादाच्या मनगटापासून कोपरापर्यंत गेली. मुलगा ओट्याच्या कडेवर आपटला आणि त्याचं डोकं फुटलं.

दोघंही एकाच रुग्णालयात होते. मुलाची आई आणि वहिनी एकाच बाकावर बसलेल्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नव्हतं. दमानंबाई आली तशी वहिनी उठली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “आता लिहा तुमच्या चाचणीत.”

दादाला शुद्ध होती. हातातल्या शिरा जोडल्या होत्या, पण मूठ पूर्वीसारखी वळणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. ती पलंगाशेजारी बसली.

“तुझं शिकलो असतो,” दादानंच विचारलं, “तर हात वाचला असता का गं?”

‘हो’ म्हणणं सोपं होतं आणि ‘नाही’ म्हणणं त्याहून सोपं.

“मला माहीत नाही, दादा.”

“मग शोधून काढ,” तो म्हणाला. “रडतेस काय? शोधून काढ. तो पोरगा माझ्या पोराएवढा आहे.”

मोठ्या साहेबांना बातमी कळली तशी त्यांनी तिला बोलावलं. न शिकवलेल्या ठाण्यात दोघं जखमी झाले, यापेक्षा मोठा दाखला कोणता? चाचणी थांबवू, अभ्यासक्रम जाहीर करून टाकू. तिनं नकारार्थी मान हलवली.

“एका घटनेवरून काही ठरत नाही, साहेब. ती माझ्या भावाची असली तरीही.”

दमानंबाई ही चाचणी तडीला नेईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सकाळी वर्ग घ्यायची, संध्याकाळी दादाकडे जायची. वहिनी दार उघडायची, पण बोलायची नाही. दमानंबाई दादाच्या बोटांना व्यायाम द्यायची आणि निघायची.

वर्ष सरलं. प्राध्यापक निकाल घेऊन आला तेव्हा त्याचा चेहराच सगळं सांगत होता. चष्मा खाली घसरला होता, तरी त्यानं तो वर केला नाही.

“फरक नाही,” तो म्हणाला. “शिकवलेली ठाणी आणि न शिकवलेली, जवळजवळ सारखीच. मारामाऱ्या तेवढ्याच, जखमा तेवढ्याच.”

ज्या विषयावर तिनं उमेदीची वर्षं घातली, ज्यासाठी घरात अबोला ओढवून घेतला, त्याचा उपयोगच नव्हता? त्या दिवशी ती वर्गात गेली, फळ्यासमोर उभी राहिली, आणि पहिल्यांदाच मुलांना लवकर सोडून दिलं.

मोठे साहेब मात्र शांत होते. “असं करू, आकडे बाजूला ठेवू. शिपायांना वर्ग आवडला असं त्यांनी लिहून दिलंय ना? तेवढं सांगू. लोकांना काय कळतंय?”

“मला कळतंय,” ती म्हणाली. “मी खोटं सांगणार नाही. पण थोडा अवधी द्या. कुठं चुकलं ते बघू द्या.”

तिनं चित्रणं मागवून घेतली आणि प्राध्यापकासोबत एका कोंदट खोलीत ठाण मांडलं. शिकवलेल्या ठाण्यांतली मुलं बघून ती बुचकळ्यात पडली. ती चुकत नव्हती! लांब थांबत होती, एकच जण बोलत होता, आवाज खाली होता. मग अचानक काहीतरी व्हायचं, आणि बोलणारा शिपाई पुढं सरकायचा, हात लांब करायचा, झटापट सुरू.

“थांबवा. मागं घ्या,” ती म्हणाली. “चित्र नको. नुसता आवाज ऐकवा.”

खांद्यावरच्या वायरलेसमधून कंट्रोल रूमचा आवाज येत होता, ‘मोकळे झालात का? पुढचा कॉल थांबलाय.’ थोड्या वेळानं पुन्हा, ‘अजून किती वेळ?’ त्यानंतर शिपायाचं पाऊल पुढं. दुसऱ्या चित्रणात तेच. तिसऱ्यात तेच. प्राध्यापक एकेक चित्रण लावत गेला.

शेवटी तिनं इतके महिने टाळलेलं चित्रण लावायला सांगितलं.

जोडीदाराच्या कॅमेऱ्यात दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा दिसत होता. आत गेला नव्हता. “बाळा,” तो म्हणत होता, “मी इथंच थांबतो. तू म्हणशील तेव्हा येतो. पाणी देऊ का?” मुलाचा हात जरा खाली आला होता. मग वायरलेस खरखरला. मुलगा दचकला. दादानं वायरलेसवर हात दाबून धरला. तो पुन्हा खरखरला, आणि दादा आत गेला.

दमानंबाईनं पडद्यावरची नजर काढली नाही. तिला रडू आलं नाही, संताप आला. आणि त्या संतापाच्या पोटात पहिल्यांदाच हुरूप होता.

दुसऱ्या दिवशी ती कंट्रोल रूममध्ये जाऊन बसली. वायरलेसवर बोलणाऱ्या तिथल्या बाईला फैलावर घ्यायचं ठरवूनच गेली होती. पण समोरचा फलक थांबलेल्या कॉल्सनी लाल झालेला, दोन्ही कानांत माणसं ओरडताहेत, आणि गाडी अडकून राहिली की वरचा अधिकारी त्या बाईला जाब विचारतोय, हे बघून दमानंबाईचा राग ओसरला.

“मला कुठं दिसतंय हो तिकडं काय चाललंय?” ती बाई म्हणाली. “मला फक्त एवढंच दिसतं, गाडी अजून मोकळी नाही.”

वर्षअखेरीच्या बैठकीत सगळ्या ठाण्यांचे अधिकारी होते. मोठ्या साहेबांनी तिला बोलायला उभं केलं, तेव्हा त्यांच्या नजरेत इशारा होता. तिनं तो बघितला आणि सांगायला सुरुवात केली.

“मी जे शिकवलं त्यानं फरक पडला नाही. चाचणी नीट झाली आहे, निकाल खरा आहे.” मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. ती थांबली नाही. “शिपायाला आपण वेळ काढायला शिकवतो आणि वायरलेसवरून घाई करतो. एका हातानं देतो, दुसऱ्या हातानं काढून घेतो. मला असा नियम हवा आहे की अशा कॉलवर गेलेल्या गाडीला कुणी ‘मोकळे झालात का’ विचारायचं नाही. कंट्रोल रूमच्या बायका-पुरुषांनी माझ्या वर्गात शिपायांबरोबर बसायचं. आणि याचीही चाचणी घ्यायची. पुन्हा चिठ्ठ्या टाकून.”

“पुन्हा निम्म्यांना वगळणार?” मोठे साहेब म्हणाले. “सख्ख्या भावाचा हात गेला तरी?”

“हो साहेब. नाहीतर पुढच्या वर्षीही मला ‘वाटतं’ एवढंच सांगावं लागेल.”

साहेब रागावले होते, ते दिसतच होतं. पण भर सभेत खरं बोललेल्या माणसाला गप्प बसवणं त्यांनाही जड गेलं असावं. “सहा महिने,” ते म्हणाले. “त्यातही काही निघालं नाही, तर तुमचा वर्ग बंद.”

त्या संध्याकाळी तिनं दादाला त्याचं चित्रण दाखवलं. वहिनी दारात उभी राहून बघत होती. वायरलेस खरखरला तेव्हा वहिनी आत आली आणि तिच्या शेजारी बसली.

“म्हणजे हे थांबले होते,” ती म्हणाली.

“थांबला होता वहिनी. मी शिकवते तसाच, न शिकता.”

वहिनीनं पदरानं डोळे पुसले आणि बऱ्याच महिन्यांनी विचारलं, “चहा टाकू?”

दादाला आता गस्तीचं काम जमणार नव्हतं. कारकुनीला त्याचा जीव लागेना. तिनं त्याला वर्गात आणलं. सरावात घाबरलेल्या माणसाचं सोंग तो इतकं हुबेहूब वठवायचा की शिकाऊ पोरांना घाम फुटायचा. कंट्रोल रूमच्या बाईला तिनं शेजारच्या खोलीत वायरलेस देऊन बसवलं, आणि पलीकडे काय चाललंय ते न बघता गप्प राहायला शिकवलं. ते सगळ्यात अवघड निघालं.

दुसरा निकाल आला तेव्हा प्राध्यापक जिन्यावरून धावत आला. नव्या पद्धतीच्या ठाण्यांत जखमा खरंच कमी झाल्या होत्या, पोलिसांच्याही आणि समोरच्यांच्याही. चमत्कार नव्हता, पण फरक होता, आणि तो योगायोग नव्हता. मोठ्या साहेबांनी पद्धत सगळीकडे लागू केली आणि जाहीर करताना पहिल्या चाचणीचा निकालही सांगितला. तो त्यांनी स्वतःहून सांगितला, याचं तिला नवल वाटलं.

दादा पेढे आणायला निघाला होता. तिनं त्याला अडवलं नाही, पण स्वतः तक्त्यावर वाकलेलीच राहिली.

“हे बघा,” ती प्राध्यापकाला म्हणाली. “जिथं शिपाई एकटा जातो, तिथं अजून काहीच बदललेलं नाही.”

“लांबच्या वस्त्यांत एकटेच असतात ना ते,” तो म्हणाला. “तिथं दुसरा माणूस आणायचा कुठून?”

“ते मला अजून माहीत नाही.” तिनं खुर्ची पुढं ओढली. “बसा. लांबच्या ठाण्यांची चित्रणं काढा.”