पाण्यापलीकडचं रडणं

सकाळी बंजारा तांड्यावर गाडी थांबली. वर्षा खाली उतरते न उतरते तोच एक बाई धावत आली, तिच्या गळ्यात पडली आणि तिने हंबरडा फोडला.

शाल्मलीच्या हातातली पाण्याची बाटली निसटून मातीत पडली. तिची धाकटी बहीण गुंजन मागच्या सीटवरून पुढे झुकली. "ताई, कोण गेलं गं?"

कोणी गेलं नव्हतं. ती बाई म्हणजे वर्षाची काकू, बसंतीबाई. तिचं रडणंसुद्धा सुरात होतं. एक ओळ काकूची, एक ओळ पुतणीची. मध्ये हुंदका यायचा, पण त्यालाही ठेका होता, जात्यावर बसलेल्या दोन बायकांनी एकच खुंटा धरावा तसा. भोवती उभ्या असलेल्या दोघी-तिघी पदराने डोळे टिपत होत्या. मग सुरू झालं तसंच ते थांबलं. बसंतीबाईने नाक पुसलं आणि पाहुण्यांकडे वळून हसून विचारलं, "चहा ठेवू का दूध घ्याल?"

"घाबरलात ना?" वर्षा ओल्या डोळ्यांनी हसली. "ही आमची भेट आहे. दोन वर्षांनी आले मी. लई दिवसांनी माणूस भेटलं की आमच्या बायका असंच गळ्यात पडून गातात. कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाची म्हैस व्याली, सगळं त्यातच सांगतात."

"आमच्याकडेही आई रडते," स्वानंद म्हणाला. "पण पाहुणे किती दिवस राहणार ते कळल्यावर."

सगळे हसले. गुंजनने मोबाइलवर त्या रडण्याचा थोडा व्हिडिओ घेतला होता. तो तिने हळूच पुसून टाकला.

"आणि खरंच कोणी गेलं तर?" शाल्मलीने विचारलं.

"तेव्हाही रडतात."

"मग ओळखायचं कसं?"

वर्षाने खांदे उडवले. "जवळ असलं की कळतं."

शाल्मली आणि वर्षा यवतमाळच्या एकाच लॅबमध्ये रक्त तपासायच्या. स्वानंद शाल्मलीचा कॉलेजपासूनचा मित्र, आणि गाडी त्याची. महिन्यातला एखादा शनिवार धरून तिघं कुठेतरी निघायचे. कधी राळेगावकडे, कधी बाभुळगावच्या बाजूला, कधी नुसतं रस्ता नेईल तिकडे. या खेपेला गुंजन हट्टाने आली होती. आई, म्हणजे रत्नप्रभाबाई, दारापर्यंत येऊन एवढंच म्हणाल्या होत्या, "गुंजनला पाण्याजवळ नेऊ नकोस. तिला पोहता येत नाही."

"पाणी कुठलं, आई? दिग्रसला वर्षाच्या नातेवाइकांकडे जेवायला चाललोय."

नातेवाईक होते. जेवणही होतं. पण जेवण बेटावर होतं, हे शाल्मलीने सांगितलं नव्हतं.

धरणाचं पाणी अडलं तेव्हा जुना तांडा खाली गेला आणि माणसं वर येऊन वसली. जुन्या टेकडीचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला. त्यावर पळसाची झाडं, एक चौथरा आणि उंच काठीवर पांढरा झेंडा. त्यालाच आता सगळे बेट म्हणत.

वर्षाचे काका धनसिंग त्याच पाण्यात मासे धरत. त्यांचा तराफा म्हणजे जाळीत कोंबलेले थर्माकोलचे ठोकळे, त्यांना बांबू बांधलेले आणि वर निवडणुकीच्या फ्लेक्सचं अंथरूण. कोणा उमेदवाराचे जोडलेले हात नेमके बसायच्या जागी आले होते.

"दोघंच बसा," धनसिंग म्हणाले. "तिसरा बसला तं मासेच आपल्याले धरतीन."

जाताना त्यांनी वल्ह्याने पाण्यात दाखवलं. "हे इथं मारुतीचं देऊळ. तिकडं आमचं घर. अन् ही शाळा. दोन खोल्या, वर स्लॅब. उन्हाळ्यात पाणी उतरलं का पोरं तिच्यावर बसून राह्यते. आता गळ्याइतकं पाणी असन वरून."

गुंजनने वाकून पाहिलं. हिरव्या काळोखाशिवाय काही दिसलं नाही. तिने हात चटकन पाण्याबाहेर घेतला.

दुपार छान गेली. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, आणि नंतर पळसाच्या सावलीत पाय पसरून गप्पा. चारच्या सुमाराला झेंडा फडफडायला लागला. धनसिंग उठले.

"वारं सुटून राह्यलं. निघा आता."

"मी आधी जातो," स्वानंद म्हणाला, "काठावरून तुमचे फोटो काढतो."

"नाही," शाल्मली म्हणाली. "गुंजनला आधी जाऊ दे. वारा वाढायच्या आत. वर्षा, तू तिच्यासोबत जा."

हे तीच म्हणाली होती. पुढच्या दोन तासांत ते वाक्य तिच्या कानात कितीदा परत आलं, याला गणती नव्हती.

तराफा निघाला. गुंजनची पिवळी ओढणी वाऱ्यावर उडत होती, हळदीच्या बोटासारखी. थोड्या वेळाने तो टेकडीच्या सोंडेमागे वळला आणि दिसेनासा झाला. पलीकडे काठ, काठावर तांडा. वीस मिनिटं जायला, वीस यायला.

चाळीस मिनिटं झाली. तासही झाला. पाण्यावर लाटा उठल्या, आणि लाटांना आवाज आला. मोबाइलला रेंज नव्हती.

"चहा पीत बसले असतील," स्वानंद म्हणाला.

मग ते ऐकू आलं.

आधी वाऱ्याचाच भास झाला. मग एका बाईचा आवाज वेगळा निघाला, लांब ओढलेला, वर चढून तुटणारा. त्याच्या मागे दुसरा आला, तिसरा आला.

"बघ, भेटीचं!" स्वानंद घाईने म्हणाला. "आणखी कोणी पाहुणी आली असेल."

शाल्मलीला ते पटेना. सकाळी एक ओळ इकडची होती, एक तिकडची. आता सगळे आवाज एकाच दिशेने चालले होते, आणि उलट उत्तर येत नव्हतं. ती कान देऊन त्या उत्तराची वाट पाहत राहिली. एकदा तरी यावं. तुटकं आलं तरी चालेल.

"स्वानंद, ओरड."

तो ओरडला. दोघंही ओरडले. वाऱ्याने त्यांचे आवाज मागच्या मागे फेकून दिले.

शाल्मली उतारावरून पाण्यापर्यंत गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली. बुडालेल्या बाभळींचे शेंडे समोर डोकं काढून होते. त्यांच्यामधून काहीतरी पिवळं हळूहळू सरकत आलं, एका काट्याला अडकलं आणि लाटेसरशी वरखाली होऊ लागलं.

ओढणी होती.

"वाऱ्याने उडाली असेल गं," स्वानंद म्हणाला.

शाल्मलीच्या डोळ्यांसमोर आईचं दार आलं. बेल वाजवायची, मग काय म्हणायचं? आई, पाणी नाही म्हणाले होते मी, पण होतं. तिने ओंजळ भरून तोंड धुतलं आणि लक्षात आलं, हेच ते पाणी. तिने हात झटकले.

आणि रडणं थांबलं.

एकदम. मधल्याच ओळीवर. त्यानंतरची शांतता रडण्याहून भयंकर होती. रडत होते तोवर काहीतरी चालू होतं, काहीतरी बाकी होतं. आता काय बाकी राहिलं? सूर्य टेकडीला टेकला. पाण्याचा रंग शाईसारखा झाला.

सोंडेमागून तराफा आला तेव्हा त्यावर एकच माणूस होता. धनसिंगांच्या डोक्यावरचं पागोटं गेलं होतं. कपडे अंगाला चिकटलेले होते. फ्लेक्सही नव्हता, नुसते ठोकळे आणि बांबू.

"गुंजन?" शाल्मली किंचाळली.

त्यांनी हात वर केला. पण वर केलेला हात हो सांगतो की नाही, हे दुरून कुठे कळतं?

ती छातीभर पाण्यात शिरली. स्वानंदने मागून धरलं. तराफा जवळ आला तसे धनसिंग धापा टाकत म्हणाले, "हाय. पोरगी हाय. काठावर हाय."

"जिवंत?"

"आता बोललो ना बाई, हाय म्हणून. बसा आधी."

बांबूला धरून बसल्यावर त्यांनी सांगितलं. सोंडेपलीकडे बुडालेल्या बाभळीचा बुंधा लागला, एका बाजूच्या दोऱ्या तुटल्या आणि दोघी पाण्यात पडल्या. वर्षाला पोहता येत होतं, ती तुटक्या बांबूला लटकली. गुंजन खाली गेली. तिची वेणी त्यांच्या हातात आली म्हणून वर आली.

"काठ लांब होता. दोघींले नेणं मले जमत नव्हतं. तं पोरीले शाळेच्या स्लॅबवर उभी केली. पाणी हनुवटीलोक. म्हटलं, हालू नको, पाय निसटन. वर्षाचा हात सुटून राह्यला होता, तिले काठावर सोडलं, दोऱ्या बांधल्या अन् परत गेलो. तवरीक ती एकटीच उभी होती तिथं."

"आणि ते रडणं?" स्वानंदने विचारलं.

धनसिंगांनी वल्हं थांबवलं नाही. "पोरगी डोळे मिटून राह्यली होती. थंडीनं. माही बसंती काठावरून पाहे. ती म्हणे, पोरीले आवाज पाहिजे, नाहीतं ती खाली जाईन. मंग तिनं भेटीचं सुरू केलं. पोरगी आली, गळ्यात पडली, असं धरूनच गायल्या साऱ्याजणी. म्हणे, भेट झाली असं म्हटलं तं तिले यावंच लागन."

"मग मध्येच थांबलं."

"पोरगी खरंच आली ना. मंग कायले गातीन?"

शाल्मलीने बांबू इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. तराफ्याखाली कुठेतरी ती शाळा सरकत होती. तिने खाली पाहिलं नाही.

काठावर चूल पेटली होती. गुंजन बसंतीबाईच्या घागऱ्यात, वर दोन गोधड्या घेऊन बसली होती. ओठ निळे होते, दात वाजत होते. वर्षा तिचे तळहात चोळत होती. शाल्मली चार पावलांवर थांबली.

बसंतीबाई उठली. तिने शाल्मलीच्या मानेभोवती हात टाकला, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पहिली ओळ म्हटली. त्या बोलीतला एकही शब्द शाल्मलीला कळला नाही. पण ओळ संपली आणि बाई थांबली. थांबूनच राहिली. तेव्हा शाल्मलीला कळलं, आता तिची पाळी आहे.

तिला ओळ येत नव्हती. तिच्या तोंडून नुसता आवाज निघाला, ओबडधोबड, बेसूर. बसंतीबाईने तो घेतला आणि पुढची ओळ जोडली.

परतताना दिग्रसजवळ रेंज आली आणि गाडीत फोन वाजला. "जेवलात का गं?" आईने विचारलं.

"आई, मी खोटं बोलले," शाल्मली म्हणाली. "आम्ही पाण्यावर गेलो होतो."

मग रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "गुंजनला दे."

गुंजनने फोन कानाला लावला. "आहे मी, आई," ती म्हणाली. आणखी काही न बोलता तिने तो परत दिला.

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "ताई, त्या स्लॅबवर शेवाळ होतं. पायांच्या बोटांनी धरून उभी होते मी. डोळे मिटले की वाटायचं, खाली वर्ग भरलाय. आणि सगळी पोरं मान वर करून माझे पाय बघताहेत."

शाल्मलीने तिला कुशीत ओढलं. गुंजनने पाय वर घेतले, गुडघे पोटाशी धरले. दारव्हा मागे पडलं, यवतमाळचे दिवे दिसले, तरी तिने पाय गाडीच्या तळाला टेकवले नाहीत.