वरमालेपाशी बंद पडणारा कम्प्युटर

समुद्रपूरच्या मारुतीच्या सभामंडपात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर मे महिना पेटलेला, आत माणसांची वाफ. मधोमध टेबलावर हेमराज फोटोवाल्याचा कम्प्युटर, त्याला जोडलेला मोठा टीव्ही, आणि समोर पाटावर मान खाली घालून बसलेली मोहिनी.

"पाहा मंडळी!" प्रेमदास महाराजांनी भगवी शाल कम्प्युटरच्या डब्यावर चारी बाजूंनी पांघरली. "तुमच्या मोबाइलले टॉवर लागते. आत्म्याले ना टॉवर लागते, ना रिचार्ज! त्याचा सिग्नल डायरेक्ट येते!"

टीव्हीवर मोहिनीच्या लग्नाचा व्हिडिओ सुरू झाला. फेटा बांधलेला नवरदेव आदेश हसत मांडवात आला. वरमालेची वेळ झाली, वरून फुलं सावकाश बरसू लागली, आणि एकाएकी टीव्ही काळा पडला. कम्प्युटर आपोआप बंद झाला होता.

"आदेशच आहे हो!" गर्दीत कुणीतरी किंचाळलं. "त्याले बायको समोर नको आहे!"

मोहिनीला उठवून बाहेर उन्हात उभं केलं. महाराजांनी शाल काढली आणि "आत्म्याले वारा पाहिजे" म्हणत कूलरचं तोंड टेबलाकडे करवलं. लांबलचक आरती झाली. मग तेच लग्न पुन्हा लावलं. या खेपेला वरमाला पडली, अक्षता पडल्या, आदेश आईच्या पाया पडला. पुढे बसलेली त्याची आई, कौशल्याबाई, टीव्हीच्या काचेवर हात ठेवून हुंदके देऊ लागली.

"आता पटलं?" महाराज म्हणाले. "या पोरीची सावली घरावर पडू देऊ नका. आजच आश्रमात आणून सोडा. पुढचं मी पाहतो."

मागच्या खांबाला टेकून वर्षाली हे सगळं पाहत होती. ती कॉलेजात कम्प्युटर शिकवायची. मोहिनी तिची जुनी विद्यार्थिनी. सकाळी तिचाच फोन आला होता, "मॅडम, मले आश्रमात सोडाचं म्हणून राह्यले. तुमी येता का?"

लग्नानंतर काही महिन्यांतच आदेश मोटरसायकलच्या अपघातात गेला. लग्नाचा व्हिडिओ अर्धवटच राहिला होता. हेमराज तो पुरा करायला बसला की कम्प्युटर दरवेळी वरमालेपाशीच बंद पडायचा. ही गोष्ट पानठेल्यावर गेली, तिथून घराघरांत, आणि घरांतून महाराजांच्या कानावर.

वर्षालीला आधी नुसता कंटाळा आला. पाणी पिणारी मूर्ती तिनं पाहिली होती, लिंबातून निघणारं रक्तही पाहिलं होतं. दर वेळी घसा कोरडा करून समजवायचं, लोकांनी मान डोलवायची, आणि वर्षभरात नवा बाबा यायचा. सकाळपासून पेपर तपासून डोळे चुरचुरत होते. घरी जाऊन पंख्याखाली पडावं एवढीच इच्छा होती. पण दारातून तिला मोहिनी दिसली. चटके बसतात म्हणून ती अनवाणी पायांवर आळीपाळीनं उभी राहत होती.

वर्षाली गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"महाराज, आता मोहिनीच्या जागी मी बसते. घाला शाल."

"तुमच्यावर दोष नाई, मॅडम. तुमच्याशी आत्म्याचं काय काम?"

"मग दोष नसलेलं माणूस बसलं तर कम्प्युटर चालला पाहिजे ना?"

महाराजांनी डोळे मिटले. वर्षाली कौशल्याबाईंजवळ खाली बसली. या माउलीला पुन्हा ते सोसायला लावायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"काकू, तुम्ही बसाल? आईवर तर आदेश रागावणार नाही."

"मले पुन्हा दिसन तो?" एवढंच विचारून कौशल्याबाई पाटावर जाऊन बसल्या.

वर्षालीनं स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा आणला. "हा कम्प्युटरच्या मेंदूचा, प्रोसेसरचा ताप," ती लोकांना म्हणाली. "याच्यावर नजर ठेवा." मग तिनं स्वतः शाल पांघरली, कूलर दुसरीकडे फिरवला आणि लग्न लावलं.

आकडा चढू लागला. पुढची पोरंटोरं मोठ्यानं वाचू लागली, मग बायाही. सत्तर. ऐंशी. फुलं बरसायला लागली तसा नव्वदच्या वर गेला. शंभरापाशी टीव्ही काळा झाला.

कौशल्याबाई काळ्या टीव्हीकडे पाहत राहिल्या. "माह्यावर काऊन रागावला रे तू?" त्या पुटपुटल्या.

"नाही रागावला, काकू. मशीन तापलं." वर्षालीनं शाल उचलली. "हवा जायची जाळी झाकली की कोणीही समोर बसो, हा बंदच पडणार. जळू नये म्हणून तो स्वतःच बंद होतो."

"पण वरमालेपाशीच काऊन?" मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"कारण फुलं, धूर, स्लो मोशन, सगळं हेमराजभाऊंनी तिथंच घातलं आहे. तिथं मशीनला सगळ्यात जास्त राबावं लागतं. काय भाऊ, मशीनचा स्पीड वाढवला होता ना?"

हेमराजचा चेहरा उतरला. "लग्नाचा सीजन होता, मॅडम. कामं साचली होती. मोबाइलवर व्हिडिओ पाहून स्पीड कंपनीच्या सेटिंगच्या वर नेला. तापलं का मशीन आपोआप हळू पडे, तर तो बचावही बंद केला. मंग लोक आत्मा म्हणाले, मी चुप राह्यलो. महाराजांनी इचारलं केव्हा बंद पडते, तं सांगतलं, हवा कोंडली का पडते."

सगळ्यांच्या नजरा महाराजांकडे वळल्या. ते चेल्याला चपला आणायला सांगत होते.

वर्षालीनं वायर काढून डब्याचं झाकण उघडलं. हेमराजचं दुकान कापसाच्या जिनिंगसमोर. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, धातूच्या पात्यांमध्ये कापसाच्या तंतूंची तूस गादीसारखी बसली होती. तिनं ती बोटानं अखंड ओढून काढली आणि तळहातावर धरून सगळ्यांना दाखवली. मग स्पीड कंपनीच्या आकड्यावर आणला, बंद केलेला बचाव सुरू केला, आणि मोहिनीला आत बोलावून पाटावर बसवलं. लग्न शेवटपर्यंत चाललं. आकडा सत्तरीच्या पुढे गेला नाही.

"उद्या तुमच्याकडची मोटर बंद पडेल, मोबाइल तापेल," वर्षाली म्हणाली. आवाज चढवायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "आधी झाकण उघडून पाहा. समजलं नाही तर जाणत्याला विचारा. घरातलं माणूस बाहेर काढणं हा कशाचाच उपाय नाही. कोणी चमत्कार दाखवला, तर तोच चमत्कार दुसऱ्याच्या हातानं करून मागा. एवढं विचारायला शिक्षण लागत नाही."

काहींनी माना डोलवल्या. काहीजण महाराजांच्या गाडीमागे पाया पडायला धावलेच. वर्षालीला त्याचंही नवल वाटलं नाही.

कौशल्याबाई मोहिनीजवळ आल्या. "चाल, घरी चाल पोरी."

मोहिनी पाटावरून उठली. तिचे पाय लाल झाले होते.

"येईन, आई," ती म्हणाली. "पण आज नाई. आज मले मायबापाच्या घरी जाऊ द्या."

कौशल्याबाईंनी दाराशी काढलेल्या आपल्या चपला आणून मोहिनीपुढे ठेवल्या.