तोराचा थर्मास

तोराने सायकल भिंतीला टेकवून टोपलीतला थर्मास काढला, तेव्हा एवाल्ड शेगडीवर कॉफी उकळत होता. खिडकीतून ती दिसताच त्याचे हात आपोआप खिशात गेले. लाकडाच्या गिरणीत जन्म काढलेले, फावड्यासारखे हात होते ते.

तोरा म्हणजे त्याच्या बायकोची, सिग्नेची, थोरली बहीण. ती दर रविवारी यायची. घरचं चीज आणायची, गावभरच्या गोष्टी सांगायची, पण कॉफी प्यायची ती स्वतःच्या थर्मासमधली. एवाल्डच्या हातची कॉफी तिने त्याच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सोडली. सिग्नेच्या दंडावर काळानिळा डाग दिसला होता. "दाराला लागलं," असं सिग्नेने सांगितलं होतं.

"आईही हेच म्हणायची," एवढंच तोरा बोलली होती.

पुढे कधी दाराऐवजी नावेची कड आली, कधी गोठ्याचा खांब. सिग्ने खरं तेच सांगत होती. पण मार खाणाऱ्या बायकाही हेच सांगतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तोंडावर कोणी बोललं नाही. चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला एवाल्डच्या शेजारची खुर्ची तेवढी रिकामी राहू लागली. खुलासा करावा, तर आरोप कोणी केलेलाच नव्हता. तरी संसार सुखाचा झाला. दोघं मिळून मासे धरत, पत्ते खेळत, हरली की सिग्ने रुसून बसे.

यंदा वसंतात सिग्नेची दाढ काढली आणि रक्त थांबेना. इस्पितळात नर्सने एवाल्डला बाहेर बसवलं आणि घरी कोणी मारतं का, असं सिग्नेला हळूच विचारलं. रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आईची चौकशी केली, मग आजीची, आणि रक्त तपासायला पाठवलं. परवा त्यांनी बोलावून निकाल सांगितला.

"तोराला सांगू नकोस," एवाल्ड येताना गाडीत म्हणाला होता. "तिला वाटेल, आता डॉक्टरलाही पढवलंय." या वयात पुन्हा एकदा खोटं ठरायची त्याची तयारी नव्हती.

सिग्नेने तसं वचन दिलं नव्हतं. आज तिने इकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत भिजवून खायचे चीजचे तुकडे कपांत टाकले, आणि तोरा थर्मासचं झाकण फिरवू लागली तशी तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब जरा. मला काय झालंय ते कळलंय."

तिने जमेल तसं सांगितलं. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. त्यांना चिकटवणारं प्रोस्टाग्लँडिनच्या जातीचं द्रव्य शरीरात एका एन्झाइममुळे तयार होतं. ते एन्झाइम घडवणाऱ्या जनुकातच सिग्नेच्या खोट होती, बहुधा आईकडून आलेली.

"जन्मल्यापासून रोज ॲस्पिरिन घेतल्यासारखं माझं रक्त आहे म्हणे. जरा लागलं की डाग. तुझ्यात ते उतरलेलं दिसत नाही, म्हणून तुला कधी पटलं नाही."

तोरा कपातल्या चीजकडे बघत राहिली. एवाल्ड शेगडीपाशीच उभा राहिला.

"म्हणजे बाबांनीसुद्धा आईला कधी..." ती म्हणाली. "सगळ्यांनी त्यांच्या शवपेटीवर फूल ठेवलं. मी नाही ठेवलं."

सिग्नेने मान हलवली. तिला ते आठवत होतं.

तोरा उठली. थर्मासमधली कॉफी तिने मोरीत ओतली, थर्मास विसळला आणि आपला कप एवाल्डसमोर धरला.

त्याने खिशातून हात काढले. "कडू असते हं माझी. आधीच सांगतो."

"मला कुठे आठवतंय तुझी कशी असते," तोरा म्हणाली. एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. "सिग्ने, हे तू इतकी वर्षं पितेस?"

सिग्ने हसली. एवाल्डही हसला. तोराने कप संपवला आणि पुन्हा पुढे केला.

निघताना तिने रिकामा थर्मास त्याच्या हातात दिला. "भर. बाबांच्या कबरीपाशी बसेन जरा वेळ. तिथे गार वारा असतो."

एवाल्डने तो काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलं. मग अंगणात जाऊन लायलॅकची फुललेली फांदी कापली. तोरा सायकल धरून उभी होती. त्याने फांदी टोपलीत गरम थर्मासशेजारी ठेवली आणि फुलं चेंगरू नयेत म्हणून दोन्ही हातांनी जरा बाजूला सारली.