बारा बिघ्यांचा कापूस

शाळासुद्धा नापास होते, हे लग्न होईपर्यंत मला माहीत नव्हतं. अंजनगावाकडच्या एका खेड्यात आमचे घरचे पंतोजी होते. शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबांच्या परीक्षेत मुलं अडखळली आणि सरकारने शाळाच बंद केली. मग चार भांडी गाडीत घालून आम्ही वलगावच्या पलीकडे, पेढीकाठच्या या गावात आलो. इथेही तसंच झालं तर यांची नोकरी कायमची जाणार होती. तसं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

शाळा चावडीत भरायची आणि मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड. मध्ये नुसती कुडाची भिंत, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. पूर्वी हे मुलांना गोष्टी सांगत, पंचांग वाचायला शिकवत. परीक्षेचा हुकूम आला आणि गोष्टी संपल्या. दसऱ्यापासून नुसते पाढे आणि हिशेब, हिशेब आणि पाढे. भाकरी थापताना माझ्याही तोंडात पावकी यायला लागली. हे जेवताना बोलेनासे झाले. मीही विचारेनाशी झाले.

परीक्षा आली ती ऐन वेचणीत. बडनेऱ्याला आगगाडी आल्यापासून गावात कापसाशिवाय दुसरी गोष्ट नव्हती. पोरांच्या हातात चांदीची नवी कडी आणि बोटांना बोंडांचे ओरखडे.

"साहेब, होळीनंतर घेतली असती तर मुलं थाऱ्यावर असती," हे म्हणाले.

"अकोल्याच्या मुलाला जे विचारलं तेच इथल्या मुलाला विचारायचं, आणि याच महिन्यात," साहेब म्हणाले. ते पुण्याकडचे होते. बोलणं शांत, वागणं सभ्य. "माप एकच असलं म्हणजे कुणावर अन्याय होत नाही."

"माप एकच असेल साहेब, पण..." हे म्हणाले आणि थांबले. नोकरदाराचं वाक्य नेहमी 'पण'पाशी थांबतं.

वाचन चांगलं झालं. शुद्धलेखन झालं. मी चुलीपाशी जरा सैल बसले. मग साहेबांनी गणित घातलं. "इकडच्या मुलांना समजावं म्हणून मुद्दाम कापसाचं घेतलंय," असंही म्हणाले. "एका शेतकऱ्याचं बारा बिघे शेत आहे. बिघ्याला तीन मण कापूस झाला, तर एकूण कापूस किती?"

बारा त्रिक छत्तीस. शाळेतलं शेंबडं पोरही झोपेत सांगेल.

 साहेबांनी पाटलाच्या सूर्यभानला उभं केलं. पोरगा शाळेत सगळ्यांत हुशार.

"कापूस झालाच नाही, साहेब," सूर्यभान म्हणाला.

"अरे, झाला असं समज."

"अळी पडली."

पुढच्याने सांगितलं, पाऊस पडला नाही. त्याच्या पुढच्याने सांगितलं, डुकरांनी खाल्ला. एकेक करत सगळी शाळा आपापला कापूस बुडवून खाली बसली.

मला तेव्हाच उमजलं. गेल्या साली मोजणीवाले साखळ्या घेऊन आले होते, शेतसारा ठरवायला. तेव्हा घरोघरी पोरांना दम भरला होता: सरकारी माणसाने कापूस विचारला तर पिकला नाही म्हणायचं. यांनी शिकवलेलं पोरं विसरली नव्हती, पण बापाने शिकवलेलं त्याहून पक्कं होतं.

हे साहेबांना समजावत राहिले. साहेब म्हणाले, "मला उत्तर मांडावं लागतं पंतोजी, कारण नाही." आणि आपल्या बैलांच्या दमणीत बसून गेले.

मला रडू आलं नाही. भाकरी करपली होती, तीच आम्ही खाल्ली.

संध्याकाळी खुशालराव पाटील आले. हातात नारळ, चेहऱ्यावर हसू. "पंतोजी, पोराईनं गावाचं नाव राखलं. एकबी फुटला नाही. माह्यं ओढ्याकाठचं वावर बाराच बिघ्याचं हाय, त्याले कोनं सांगतलं म्हन्तो मी?"

"शाळा बंद होणार, पाटील," हे म्हणाले.

पाटलांचं हसू हळूहळू गेलं. नारळ हातातच राहिला. "मंग त्यानं जवारीचं इचारावं ना," ते म्हणाले. "कापसाचं कावून इचारलं?"

हुकूम आला तसे आम्ही निघालो. तीच चार भांडी. वेचणी चालूच होती, त्यामुळे निरोपाला कोणी नव्हतं. मला राग यायला हवा होता, साहेबांचा किंवा पाटलांचा. तोही येईना.

ओढ्याकाठच्या वावरातून सूर्यभान पळत आला. कमरेच्या झोळीत कापूस भरलेला. गाडीचा दांडा धरून त्याने आधी मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं.

"पंतोजी," तो हळूच म्हणाला, "छत्तीस मन."

"बरोबर," हे म्हणाले.

"पन कोनाले सांगू नका."

"नाही सांगत," हे म्हणाले, आणि गाडीवानाने बैल हाकले.